सातशे क्युसेकची नदी

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातील आर्कान्सा नदीवर जायचे असेल, तर घरून निघण्याआधी आकडा पाहावा लागतो, हे मला पहिल्या खेपेला ठाऊक नव्हते. सलायडा गावाच्या खाली वेल्सव्हिल येथे प्रवाहमापक केंद्र आहे आणि तिथून दर सेकंदाला किती घनफूट पाणी वाहते, याची नोंद अहोरात्र होत असते. घनफूट प्रति सेकंद म्हणजे आपला क्युसेकच. पुण्याच्या माणसाला हा शब्द पावसाळ्यातील बातम्यांमुळे परिचयाचा असतो आणि खडकवासल्यातून तीस-चाळीस हजार क्युसेक विसर्ग सुरू झाला की नदीपात्रातील रस्ते बंद होतात, एवढे त्याला नक्की कळते. त्यामुळे येथील मंडळी 'सातशे झाले', 'आता एकवीसशे आहे' असे गंभीर चेहऱ्याने बोलत, तेव्हा मला मनातून हसूच येत असे. ते हसू जून महिन्यात थांबले. ते कसे थांबले, हे पुढे येईलच.

मी डेन्व्हरच्या उपनगरात राहतो. तिथून 285 क्रमांकाच्या महामार्गाने केनोशा खिंड चढून, साउथ पार्कचे विस्तीर्ण गवताळ पठार ओलांडून अडीच तासांत नदीच्या खोऱ्यात उतरता येते. सुमारे 10,150 फूट उंचीवरील लेडव्हिल या जुन्या खाणगावाजवळ उगम पावणारी ही नदी पुढे जवळजवळ साडेतेवीसशे किलोमीटर वाहून मिसिसिपीला मिळते. मात्र ज्या भागासाठी लोक तिच्याकडे येतात तो वरचा, डोंगरातला आहे. पश्चिमेला प्रिन्स्टन, येल, हार्वर्ड अशी विद्यापीठांची नावे मिरवणारी चौदा हजार फुटांवरची शिखरे आहेत आणि पायथ्याशी ब्यूना व्हिस्टा व सलायडा ही दोन गावे आहेत. स्पॅनिश उच्चार करायला गेलात तर दुकानदार हसून दुरुस्त करतात. नदीच्या नावाचेही तसेच आहे, कारण इथे जी आर्कान्सा, तीच शेजारच्या कॅन्सस राज्यात शिरताच आर-कॅन्सस होते.

मासेमारीची ओढ मला लहानपणापासून होती, असे म्हटले तर ते थोडे खोटे ठरेल. माझे आजोळ मुळशी तालुक्यातले. तिथे मामाबरोबर ओढ्याच्या डोहात गांडूळ लावून गळ टाकल्याच्या आठवणी आहेत, पण त्यात कौशल्य काही नव्हते. मासा लागला तर कालवण, नाही तर पिठले, इतकाच तो हिशेब होता. इथे आमच्या शेजारी राहणारे एक निवृत्त शिक्षक दर वसंतात गाडीवर लांबच लांब दांड्या बांधून जाताना मी पाहत असे. एकदा कुतूहलाने विचारले, तेव्हा त्यांनी कोणतीही प्रस्तावना न करता मला आधी परवाना काढायला सांगितले.

परवाना काढणे सोपे होते. कोलोरॅडोत सोळा वर्षांवरील प्रत्येकाला तो लागतो आणि राज्यात सहा महिने वास्तव्य झाले असेल, तर रहिवाशांच्या कमी दराने मिळतो. वार्षिक परवान्याची मुदत 1 मार्चला सुरू होऊन पुढील वर्षाच्या 31 मार्चला संपते, म्हणजे बारा महिन्यांच्या पैशांत तेरा महिने मिळतात. वन्यजीवांच्या अधिवासासाठी वेगळे शुल्क भरावे लागते, आणि डोंगरात हरवलेल्यांचा शोध घेणाऱ्या पथकांच्या निधीसाठी काही सेंट त्यातच कापले जातात. पावतीवरील ती ओळ वाचून मी थोडा चमकलो होतो. त्यानंतर नियमपुस्तिका वाचायची. कोणत्या पुलापासून कोणत्या ओढ्याच्या संगमापर्यंत केवळ कृत्रिम माशी वापरायची, कुठे कोणत्या जातीचा मासा लागल्यास सोडूनच द्यायचा, हे सारे त्यात टप्प्याटप्प्याने दिलेले असते. अशी पुस्तिका मामाच्या हाती दिली असती, तर त्याने तिच्यावर चूल पेटवली असती.

खरे शिक्षण सुरू झाले ते मार्चमध्ये, शेजाऱ्यांच्या अंगणातल्या वाळक्या हिरवळीवर. आपल्या गळाला शिशाचे वजन असते आणि ते वजनच दोरीला घेऊन लांब जाते. शेजाऱ्यांच्या 'फ्लाय फिशिंग' या पद्धतीत मात्र माशी म्हणजे पिसे व दोरा गुंडाळलेला नखाएवढा गळ असतो, त्याला वजन जवळजवळ नसतेच, म्हणून फेकायची असते ती जाड, मेणचट दोरी, आणि माशी तिच्यामागून निमूटपणे जाते. नऊ फुटांची दांडी मागे न्यायची, दोरी पाठीमागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचे आणि मग पुढे आणायची. या थांबण्यातच सारी मेख आहे. माझ्याकडून ते थांबणे होत नसे. दोरी मागे उलगडण्याआधीच मी हात पुढे आणत असे आणि चाबकासारखा आवाज होऊन टोकाची माशी तुटून कुंपणापलीकडे जात असे. (शेजाऱ्यांनी सरावापुरती गळाऐवजी लोकरीचा धागा बांधण्याची सूचना का केली होती, ते मला तेव्हा कळले.) तीन आठवडे रोज संध्याकाळी अर्धा तास मी हा सराव केला. घरातून मुले हसत, आणि रस्त्याने जाणारी एक आजीबाई एकदा थांबून 'काही लागले का?' असे विचारून गेली.

एप्रिलच्या अखेरीस आम्ही सलायडाच्या खाली गेलो. पाणी साधारण 12 अंश सेल्सिअसपर्यंत तापले की तळाच्या दगडांना चिकटून राहणारे कॅडिस नावाचे कीटक कोश सोडून वर येतात आणि पंख फुटून हजारोंनी उडतात. मे महिन्यातल्या मातृदिनाच्या सुमारास हे घडत असल्याने त्याला मातृदिनाचा कॅडिस म्हणतात. खालच्या, उबदार भागातून सुरू झालेले हे उडणे दिवसागणिक नदीच्या वरच्या अंगाला सरकत जाते आणि मासेमार गाड्या घेऊन त्याच्यामागून सरकतात. आम्ही पोहोचलो तेव्हा काठावरच्या झुडपांवर, चष्म्यावर, शर्टाच्या कॉलरमध्ये सगळीकडे हे राखाडी-तपकिरी किडे होते. पाण्यावर ठिकठिकाणी मासे तोंड काढत होते. मी छातीपर्यंतचा जलरोधक पोशाख चढवून, कमरेला पट्टा घट्ट आवळून पाण्यात उतरलो. हा पट्टा शोभेचा नसतो. पाय घसरून पडल्यास पोशाखात पाणी भरू नये म्हणून तो असतो. मासे चारी बाजूंना होते आणि दिवसभरात मला एकही लागला नाही.

संध्याकाळी शेजाऱ्यांनी कारण सांगितले. मी टाकलेली माशी पाण्यावर पडत होती योग्य ठिकाणी, पण माझी दोरी मधल्या वेगवान धारेवर पडून पुढे ओढली जात होती आणि तिच्याबरोबर माशीही पाण्याच्या वेगापेक्षा अधिक वेगाने, बोटीसारखी मागे रेघ काढत जात होती. खरा किडा असा जात नाही, आणि हे माशाला कळते. ते म्हणाले की उद्या फेकणे विसरून फक्त पाणी पाहायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला एका मोठ्या खडकासमोर तासभर बसवून ठेवले. खडकावर आपटून पाण्याची धार दोन बाजूंना फुटत होती, खडकाच्या पाठीमागे मात्र एक शांत जागा होती, जिथे पाणी उलट, प्रवाहाच्या विरुद्ध, खडकाकडेच वाहत होते; आणि वेगवान धार व हे उलटे पाणी यांच्या मध्ये बोटाने काढल्यासारखी स्पष्ट शिवण दिसत होती. या उलट्या पाण्याला इथे एडी म्हणतात. मासा शिवणीच्या आतल्या अंगाला उभा राहतो. तिथे त्याला पोहण्याचे कष्ट पडत नाहीत आणि शेजारच्या धारेतून अन्न आपोआप वाहून येते. मुळशीच्या ओढ्यात मी शेकडो वेळा असे पाणी पाहिले असेन, पण त्याचे काही कारण असते हे कधी ध्यानात आले नव्हते.

पहिला मासा मे महिन्यात, तिसऱ्या फेरीत लागला. तो ब्राउन ट्राउट होता, वीतभरापेक्षा थोडा मोठा, अंगावर तांबडे ठिपके आणि त्यांभोवती फिकट कडी. आधी हात पाण्यात बुडवून ओले करायचे, मासा शक्यतो पाण्यातच ठेवायचा, गळाचा काटा चिमट्याने आधीच दाबलेला असल्याने तो हलकेच उलटा फिरवून काढायचा आणि मासा आपल्या बळाने निघून जाईपर्यंत त्याला प्रवाहाकडे तोंड करून आधार द्यायचा, हे सारे मी पाठ केल्याप्रमाणे केले. फोनवर हे आईला सांगितले. ती क्षणभर थांबून म्हणाली, "सोडायचाच होता, तर धरलास कशाला?" या प्रश्नाला माझ्यापाशी अजून समाधानकारक उत्तर नाही. येथे ठरलेल्या मर्यादेत मासे घरी नेण्यास पुष्कळ ठिकाणी परवानगी आहे आणि पुढे मी दोनदा नेलेही. खरे सांगायचे तर त्या दोन दिवसांचे मला अधिक समाधान वाटले.

हा मासाही मूळचा इथला नव्हे. ब्राउन ट्राउटची अंडी 1883 मध्ये जर्मनीहून अमेरिकेत आली. याच खोऱ्यातल्या ट्विन लेक्स या तळ्यांत पिवळ्या परांचा म्हणून ओळखला जाणारा एक देशी कटथ्रोट ट्राउट होता, तो विसाव्या शतकाच्या प्रारंभीच नामशेष झाला. पाहुण्यांचेही दिवस पुढे काही बरे गेले नाहीत. लेडव्हिलच्या चांदी-शिशाच्या खाणींतून झिरपणारे पाणी जस्त, कॅडमियम यांसारखे धातू घेऊन शंभर वर्षे नदीत येत राहिले आणि त्या काळात येथील ट्राउट तीन वर्षांपलीकडे क्वचितच जगत. 1983 मध्ये तो सारा परिसर केंद्र सरकारच्या अतिप्रदूषित स्थळांच्या यादीत घेण्यात आला, 1992 मध्ये खाणींच्या बोगद्यांतून येणारे पाणी शुद्ध करणारी संयंत्रे सुरू झाली, आणि 2014 मध्ये राज्याने लेडव्हिलजवळून पार्कडेलपर्यंतच्या 102 मैलांना 'गोल्ड मेडल' दर्जा दिला. हा दर्जा निसर्गसौंदर्यासाठी मिळत नाही. पाण्याच्या दर एकरामागे 60 पौंड ट्राउट आणि त्यांत 14 इंचांहून मोठे किमान बारा मासे मोजून दाखवावे लागतात. ती संयंत्रे आजही चालू आहेत आणि चालूच ठेवावी लागणार आहेत.

काठावर उभे राहण्यातही एक गोम आहे. कोलोरॅडोत पाण्यावरून तरंगत जाण्यास सहसा कोणी अडवत नाही, परंतु नदी खाजगी जमिनीतून जात असेल, तर तिचा तळ त्या जमिनीच्या मालकाचा मानला जातो. म्हणजे तराफ्यातला मनुष्य जिथून हात हलवत जातो, तिथेच पाय टेकवणारा मासेमार अतिक्रमण करणारा ठरतो. याच नदीवर एका मासेमाराला जमीनमालकाने हुसकावले, ते प्रकरण कित्येक वर्षे चालले आणि 2023 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या मासेमाराला असा दावा लावण्याचा अधिकारच नाही असे सांगून ते मिटवले. तळ कोणाचा, हा मूळ प्रश्न तसाच राहिला. शेजारी मला प्रत्येक ठिकाणी कुंपणाच्या खुणा दाखवत. नदीच्या बाबतीत सातबारा पाहून पाय टाकावा लागेल, असे मला कधी वाटले नव्हते.

जून उजाडला तसे बर्फ वितळून पाणी गढूळ झाले आणि मासेमारी थांबली. हेच दिवस तराफेवाल्यांच्या सुगीचे असतात. ब्यूना व्हिस्टा व सलायडा यांच्यामधली ब्राउन्स कॅन्यन ही गुलाबी ग्रॅनाइटची घळ 2015 पासून राष्ट्रीय स्मारक आहे आणि तिच्यातून राफ्टिंग करायला अमेरिकाभरातून लोक येतात. खळाळत्या पाण्याचा नाद इथे जुना आहे. सलायडात 1949 मध्ये पहिली नौकाशर्यत झाली, तेव्हा कॅन्यन सिटीपर्यंतचे सुमारे 57 मैल पूर्ण करणारे केवळ दोन स्विस स्पर्धक होते. कार्यालयातील पाच मित्रांसह मी एक दिवसाची जागा राखून ठेवली. त्या दिवशी आकडा एकवीसशे होता.

निघण्यापूर्वी आम्हाला रबरी पोशाख, शिरस्त्राण आणि तरंगजाकीट देण्यात आले. वाटाड्या तरुणीने जाकिटाचे पट्टे स्वतः ओढून पाहिले आणि खांद्यापाशी धरून मला अक्षरशः वर उचलले. जाकीट कानापर्यंत सरकले, तर पट्टे पुन्हा आवळायचे. मग तिने पाण्यात पडल्यास काय करायचे ते सांगितले. पाठीवर तरंगायचे, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे आणि पाण्याच्या वर ठेवायचे, आणि पाणी कमरेएवढे दिसले तरी उभे राहण्याचा प्रयत्न करायचा नाही, कारण तळाच्या दोन दगडांत पाऊल अडकले की मागून येणारे पाणी माणसाला पालथे पाडते आणि तसेच दाबून ठेवते. ज्या पाण्यात मी दोन महिने उभे राहायला शिकत होतो, त्यातच उभे राहू नका असे ती सांगत होती.

पिनबॉल, झूम फ्लूम, बिग ड्रॉप, स्टेअरकेस, विडोमेकर अशा नावांचे खळाळ एकामागून एक आले. झूम फ्लूममध्ये पुढून आलेल्या लाटेने आम्हाला नखशिखांत भिजवले आणि ते बर्फाचे पाणी मानेतून आत गेले, तेव्हा श्वास अडकला. वाटाड्या मागून ओरडून आज्ञा देत होती, पुढे वल्हवा, मागे वल्हवा, थांबा, आणि आम्ही सहाही जण चुकतमाकत का होईना, पण वल्हवत होतो. नावाचा एकही खळाळ आम्हाला पाडू शकला नाही. हेक्ला जंक्शन या तराफे बाहेर काढण्याच्या ठिकाणाच्या थोडे अलीकडे, जिथे सगळे सैलावून गप्पा मारत होते आणि मी वल्हे मांडीवर ठेवून शिखरांकडे पाहत होतो, तिथे तराफा एका बुडालेल्या खडकावर चढला, एका बाजूने उचलला गेला आणि मी मागच्या मागे पाण्यात गेलो. त्या जागेला नावही नाही.

पाणी किती जोरात ओढते, हे काठावरून पाहून कळत नाही. एकवीसशे क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे साठ हजार लिटर, आणि तेही मुठेसारख्या रुंद, सपाट पात्रातून नव्हे, तर तीव्र उतारावरच्या अरुंद घळीतून. थंडीमुळे छाती आवळली गेली, दोन घोट पाणी पोटात गेले आणि पाठीवर होण्याआधी गुडघा कशावर तरी आपटला. पाय वर आले तेव्हा मला वाटाड्याचा आवाज ऐकू आला. ती उजवीकडे बोट दाखवून 'एडी, एडी' असे ओरडत होती. मान वळवली तर उजव्या काठाजवळ घराएवढा खडक होता, त्याच्यामागे शांत पाणी होते आणि मध्ये ती शिवण होती. पालथा होऊन मी जिवाच्या आकांताने तिच्याकडे हात मारले. शिवण ओलांडताच ओढ एकदम नाहीशी झाली आणि उलट्या पाण्याने मला अलगद खडकाकडे नेऊन ठेवले. तराफा येऊन मला उचलेपर्यंत फार तर दोन मिनिटे गेली असतील. त्या दोन मिनिटांत मी खडकाला धरून शेजारून जाणारी धार पाहत होतो आणि, मोठा प्रसंग आला की माणसाच्या डोक्यात काय येईल ते सांगता येत नाही, 'इथे मासा असणार' असा एकच विचार मनात होता.

आकड्यांचा नाद मला त्यानंतर लागला. उन्हाळा पुढे सरकतो तसे वितळलेल्या बर्फाचे पाणी संपत येते, तरीही 1 जुलै ते 15 ऑगस्ट या काळात वेल्सव्हिलचा आकडा सातशेच्या आसपास कसा टिकतो, याचे उत्तर नदीत नसून डोंगराच्या पलीकडे आहे. केनेडींनी 1962 मध्ये संमती दिलेल्या योजनेनुसार पश्चिमेकडच्या फ्राइंगपॅन नदीच्या खोऱ्यातले पाणी पाच मैलांहून लांब बोगद्यातून खंडविभाजक रेषेखालून, म्हणजे पूर्वेला आणि पश्चिमेला वाहणाऱ्या नद्या वेगळ्या करणाऱ्या डोंगररांगेखालून, इकडे आणले जाते, टर्क्वॉइज व ट्विन लेक्स या जलाशयांत साठते आणि खालच्या शहरांकडे व शेतांकडे जाण्यासाठी नदीत सोडले जाते. ते सोडायचेच आहे, तर तराफ्यांना सोयीच्या वेळी आणि माशांना अपाय न होईल अशा बेताने सोडावे, असा ऐच्छिक करार 1990 च्या सुमारास झाला आणि तो अजून पाळला जातो.

हे वाचताना मला आजोळ आठवणे अपरिहार्य होते. मुळशीला मुळा नदीचे पूर्वेकडे जाणारे पाणी अडवून टाटांनी ते सह्याद्रीतून पश्चिमेला, कोकणात भिऱ्याच्या वीजगृहावर उतरवले. तिथून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर कोलाडजवळ कुंडलिकेत राफ्टिंग चालते आणि वीजगृहातून पाणी सुटले, तरच ते चालते. इकडे पश्चिमेचे पाणी पूर्वेला, तिकडे पूर्वेचे पश्चिमेला. फरक असा, की मुळशीत 1921 मध्ये सेनापती बापटांच्या बरोबर शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला तेव्हा त्यांना कराराला कोणी बसवले नव्हते. आजीच्या बोलण्यात पाण्याखाली गेलेल्या भातखाचरांची नावे येत, आणि मी कोलाडला सहलीला गेलो होतो तेव्हा त्यांतले एकही नाव मला आठवले नव्हते.

15 ऑगस्टनंतर पाणी सोडणे कमी होते. महिनाअखेरच्या शनिवारी आकडा साडेतीनशेच्या खाली गेलेला पाहून मी एकटाच हेक्ला जंक्शनला गेलो आणि काठाने वर चालत तो खडक शोधला. जूनमध्ये घराएवढा वाटलेला खडक आता आणखी मोठा दिसत होता, कारण त्याचा खालचा, पाण्याने गुळगुळीत केलेला भाग उघडा पडला होता. ज्याच्यावर तराफा चढला होता, तो बुडालेला दगडही आता कोरडा होता आणि त्यावर एक पक्षी बसला होता. मी पाय घासत, आडवा आडवा सरकत गुडघाभर पाण्यात गेलो, मधल्या धारेवर पडणारी दोरी उचलून वरच्या अंगाला टाकायला आता मला जमत होते, आणि माशी शिवणीवरून पाण्याच्याच चालीने वाहू लागली. तिसऱ्या फेकीला ती नाहीशी झाली. मी दांडी उचलली तेव्हा पलीकडे काहीतरी जड हलले, आणि नेमका त्याच वेळी वळणावरून तराफा आला. वाटाड्याने दुरूनच मला पाहून डावीकडे वल्हे मारायला सांगितले, जेणेकरून तराफा माझ्या पाण्यावरून न जाता पलीकडच्या धारेने जाईल. पुढे बसलेल्या मुलाने हात उंचावून विचारले, किती मोठा आहे? माझे दोन्ही हात गुंतलेले होते, म्हणून मी नुसती मान हलवली.